लायका एम डिजिटल रेंजफाइंडर : काय जमतं, काय जमत नाही आणि घेताना काय तपासायचं

कातळशिल्प

छायाचित्रण विभागात लायका या जर्मन कॅमेरा कंपनीचं नाव निघालं की बोलणं किमतीपाशी सुरू होतं आणि किमतीपाशीच थांबतं. जानेवारी २०२२ मध्ये लायकाच्या एम मालिकेतला एम११ आला तेव्हा अमेरिकेत नुसत्या बॉडीची (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची) किंमत ८,९९५ डॉलर होती. एवढं नोंदवून तो विषय बाजूला ठेवतो. या धाग्यात यंत्राबद्दल बोलूया : हा कॅमेरा कशात सरस आहे, कुठे अडतो, आणि वापरलेला घेताना काय बघायचं. एम९ (२००९), एम टाइप २४० (२०१२), एम१० (२०१७), एम१०-आर (२०२०) आणि एम११ ही मॉडेलं डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

सुरुवात रेंजफाइंडरपासून, म्हणजे अंतर मोजून फोकस करायच्या यंत्रणेपासून, कारण गुण आणि दोष दोन्ही तिथूनच निघतात. कॅमेऱ्याच्या समोर दोन खिडक्या असतात. मोठीतून आपण थेट समोरचं दृश्य बघतो, लेन्समधून नाही. छोटीतून येणारी दुसरी प्रतिमा व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एका उजळ चौकोनात पडते, त्याला सगळे पॅच म्हणतात. लेन्सची रिंग फिरवली की लेन्सच्या मागच्या टोकाचा कॅम (चाकी टेकते ती कड) पुढेमागे सरकतो. माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) आत वरच्या बाजूला एक छोटी चाकी त्या कॅमवर टेकलेली असते. ती एका दांड्याला ढकलते, दांडा आतली काच हलवतो आणि पॅचमधली प्रतिमा आडवी सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की अंतर जुळलं. या सगळ्यात सेन्सरचा संबंध कुठेच येत नाही. फोकस खरोखर सेन्सरवर पडलाय की नाही, हे ही यंत्रणा तपासत नाही, ती फक्त अंतर मोजते.

जमेच्या बाजू यातूनच येतात. लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ १६ ला असो की एफ १.४ ला, व्ह्यूफाइंडर तेवढाच उजळ राहतो. दृश्यात सगळं काही स्पष्ट दिसतं, पुढचं आणि मागचंही. ३५ किंवा ५० मिमीच्या फ्रेमलाइनबाहेर (फोटोत किती येणार ते दाखवणाऱ्या, व्ह्यूफाइंडरमधल्या रेषांबाहेर) काय चाललंय, कोण चौकटीत शिरतोय, हे आधी कळतं. शटर दाबताना दृश्य काळं होत नाही, त्यामुळे डोळे मिटले होते का तेही त्याच क्षणी कळतं. अंधाऱ्या खोलीत दिव्याची एक कड मिळाली तरी फोकस होतो. ऑटोफोकस पुढेमागे शोधत बसतो तिथेही. आणि लेन्सा लहान असतात. मोटर नाही, स्टॅबिलायझेशनचं भिंग नाही, माउंट ते सेन्सर अंतर फक्त २७.८ मिमी. ३५ मिमी एफ २ ची लेन्स मुठीत मावते.

आता अडचणी तुम्ही लिहा, मी भर घालतो.

मृगधारा

उत्तम सुरुवात. अडचणींपैकी पहिली : जवळचं अंतर. रेंजफाइंडर ०.७ मीटरला थांबतो. अलीकडच्या काही लेन्सा त्याहून जवळ जातात (३५ मिमी एपीओ-समिक्रॉन ०.३ मीटरपर्यंत), पण ०.७ च्या अलीकडे पॅचचा उपयोग संपतो. तिथून पुढे मागच्या स्क्रीनवर किंवा वर लावायच्या व्हिसोफ्लेक्स या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरवर बघूनच फोकस करायचा. ताटातलं जेवण, फुलं, लहान मुलाचा चेहरा भरून, असलं काम मुख्य असेल तर हा कॅमेरा नकोच.

दुसरी : चौकट. फ्रेमलाइन अंतरानुसार सरकतात, म्हणजे पॅरलॅक्सची (व्ह्यूफाइंडर आणि लेन्स वेगळ्या जागी असल्याने पडणाऱ्या फरकाची) दुरुस्ती होते, पण त्यांचा आकार बदलत नाही. एम१० आणि एम११ मध्ये त्या २ मीटरला बरोबर बसवलेल्या आहेत (एम९ मध्ये १ मीटरला). दूरच्या देखाव्यात चौकटीबाहेरचंही थोडं फोटोत येतं, आणि ०.७ मीटरला चौकटीतलं थोडं कापलं जातं. इमारतीची कड अगदी फोटोच्या कडेला लावायची सवय असलेल्यांना याचा त्रास होतो. शिवाय रेषा जोडीनेच येतात : ३५ सोबत १३५, २८ सोबत ९०, ५० सोबत ७५.

तिसरी चष्म्याची. ०.७३ मॅग्निफिकेशनच्या (दृश्य प्रत्यक्षाच्या ०.७३ पट दाखवणाऱ्या) व्ह्यूफाइंडरमध्ये चष्मा लावून ३५ ची चौकट आरामात दिसते, पण २८ ची पूर्ण चौकट एका नजरेत दिसत नाही, डोळा फिरवावा लागतो. यावर उपाय म्हणजे आयपीसला (डोळा लावायच्या काचेला) आट्यांवर बसणारं, चष्म्याच्या पॉवरचं भिंग. ते मागवताना कॅमेऱ्याचं मॉडेल सांगूनच मागवा, कारण एम१० पासूनच्या बॉडीला वेगळं भिंग लागतं. आयपीसची मूळ पॉवर उणे ०.५ असते, तेही हिशोबात धरा. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर मात्र चष्माच ठेवावा लागतो.

आणि मोठ्या लेन्सा. ५० मिमी एफ ०.९५ किंवा हुड लावलेली ३५ मिमी एफ १.४ घातली की व्ह्यूफाइंडरचा खालचा उजवा कोपरा झाकला जातो. लहान कॅमेऱ्यावर अवजड लेन्स लावून त्याचा मुख्य गुणच घालवायचा, हे मला पटत नाही.

अनुरेणू

मृगधारा, सगळ्याला +१. कातळशिल्प यांनी लिहिलेलं "अंतर मोजते" हे वाक्य आकड्यात मांडतो, म्हणजे या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (रेंजफाइंडरची लेन्सशी जुळणी) एवढं नाजूक का हे कळेल.

दोन खिडक्यांमधलं अंतर ६९.२५ मिमी. त्याला ०.७३ ने गुणलं की प्रभावी पाया ५०.६ मिमी. एम९ आणि टाइप २४० मध्ये मॅग्निफिकेशन ०.६८, म्हणून पाया ४७.१ मिमी. पाया जितका मोठा तितकी अंतराची मोजणी बारीक.

आता ५० मिमीची लेन्स घ्या. अनंतावरून १ मीटरवर फोकस आणताना ती सुमारे २.६ मिमी पुढे सरकते. पूर्ण प्रवास एवढाच. १ मीटरच्या आसपास लेन्स ०.०२ मिमीने चुकली तर फोकसचं प्रतल साधारण ७ मिमी हलतं. ०.०५ मिमी चुकली तर १८ मिमी. एफ १.४ ला १ मीटरवर जुन्या, फिल्मच्या काळातल्या हिशोबाने खोली (जेवढ्या अंतरात फोटो धारदार दिसतो ती) आहे एकूण सव्वातीन सेंटिमीटर, म्हणजे पुढेमागे १६ मिमी. त्यामुळे केसाच्या जाडीइतकी चूकही डोळ्याऐवजी कान धारदार करायला पुरते. ६० मेगापिक्सेलचा फोटो १०० टक्क्यांवर बघायचा तर खोली निम्मीच धरा, मग ०.०२ मिमी देखील जाणवतं.

हेच ९० मिमी एफ २ ला २ मीटरवर : जुन्या हिशोबाने ६ सेंमी, कडक हिशोबाने ३ सेंमी. म्हणून ९० ला एफ ४, १३५ ला लेन्स मुळातच एफ ३.४ किंवा ४, एवढीच रेंजफाइंडरची खरी ताकद. १.४ पट मॅग्निफायर आयपीसला लावला तर पाया जवळपास ७१ मिमी होतो आणि ७५-९० साठी फरक स्पष्ट पडतो, पण मग रुंद चौकटी दिसत नाहीत.

गवतफूल

वाचनीय धागा. माझा प्रश्न : वापरलेला एम१० बघायला जायचंय. रेंजफाइंडर जुळलेला आहे की नाही हे विक्रेत्यासमोर अर्ध्या तासात कसं तपासायचं? आणि चूक बॉडीत आहे की लेन्समध्ये, हे कसं ओळखायचं?

कातळशिल्प

गवतफूल, अर्धा तास पुरेसा आहे. क्रम असा ठेवा.

आधी अनंत. किमान एक किलोमीटर लांबची उभी, ठळक कड शोधा : पाण्याची टाकी, मोबाइलचा मनोरा, उंच इमारतीची बाजू. लेन्स अनंताच्या थांब्यापर्यंत फिरवा. पॅचमधल्या दोन कडा एक झाल्या पाहिजेत. थांब्याच्या आधीच जुळून मग पुन्हा फुटत असतील, किंवा थांब्यापर्यंत जुळतच नसतील, तर आडवं कॅलिब्रेशन सरकलंय. त्याच वेळी एखादी आडवी तार बघा. तार पॅचमध्ये तुटून वरखाली दिसत असेल तर उभं जुळणं बिघडलंय. त्याने फोकसची चूक होत नाही, पण डोळ्याला शीण होतो आणि नेमका क्षण साधत नाही.

मग जवळचं. ट्रायपॉड किंवा टेबलावर कॅमेरा ठेवा. १ मीटरवर एक उभी ठळक रेघ असलेला कागद, त्याच्या शेजारी ४५ अंशात तिरकी पट्टी, पट्टीचा मधला आकडा रेघेच्या पातळीत. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, शटर १/२५० च्या वर. अनंताकडून जवळ येत पॅच जुळवा आणि फोटो काढा. रिंग सोडा, पुन्हा अनंताला न्या, पुन्हा जुळवा. असे पाच फोटो. प्रत्येक वेळी एकाच दिशेने यायचं, नाहीतर लेन्सच्या आट्यातली ढिलाई आणि कॅमेऱ्याची चूक यांची सरमिसळ होते. मग लाइव्ह व्ह्यू (सेन्सरवरचं दृश्य मागच्या स्क्रीनवर) चालू करून पूर्ण मोठं करून फोकस लावा आणि सहावा फोटो काढा. पाच फोटोंची धार सहाव्याच्या जागीच पडत असेल तर ठीक. पाचही एकाच बाजूला तेवढ्याच अंतराने सरकले असतील तर कॅलिब्रेशनची चूक. कधी पुढे, कधी मागे पडत असतील तर चूक हाताची किंवा डोळ्याची आहे.

बॉडी की लेन्स, यासाठी किमान दोन लेन्सा लागतात, शक्यतो वेगळ्या घराण्यातल्या. दोन्ही एकाच दिशेने चुकल्या तर बॉडी, एकच चुकली तर लेन्स. स्वतःची लेन्स सोबत न्या. लाइव्ह व्ह्यू नसलेल्या एम९ ला सहावा फोटो मिळत नाही, तिथे पट्टीवरचा आकडाच वाचायचा.

एक सूचना : एफ १.४ ला बरोबर आणि एफ २.८ ला मागे जात असेल तर तो कॅलिब्रेशनचा दोष नाही. काही लेन्सांमध्ये अ‍ॅपर्चर बारीक केलं की फोकस मागे सरकतो. झाइसची ५० मिमी एफ १.५ सी-सोनार यासाठी प्रसिद्ध आहे. लायकाच्या ३५ मिमी एफ १.४ मध्ये २०१० साली तरंगतं भिंग आलं, त्याआधीच्या आवृत्तीतही हा प्रकार आहे.

तिसरा_प्रहर

यात भर. पॅच फिका वाटला तर लगेच "काच धुरकट" म्हणू नका. डाव्या हाताने लेन्स धरताना बोट छोट्या खिडकीवर येतं आणि पॅच गायब होतो. आधी बोट बघा. बाजूने ऊन शिरलं तरी पॅच पांढरा पडतो, तेव्हा डोळा आयपीसच्या अगदी मध्यावर आणायचा.

लोखंडी जाळी, खिडकीचे गज, विटांची भिंत असल्या सारख्या नमुन्यांवर फोकस करू नये. एक गज शेजारच्या गजावर बसतो, दोन्ही प्रतिमा जुळल्यासारख्या दिसतात आणि अंतर पूर्ण चुकतं. आणि नुसत्या आडव्या रेषा असतील (पायऱ्या, वाशे) तर कॅमेरा उभा करून फोकस करा, मग आडवा करा. प्रतिमा आडवीच सरकते, त्यामुळे तिला उभी कड हवी असते.

रुपेरी_वाळू

कॅलिब्रेशन घरी करता येतं का? दोन मिमीच्या एलन कीने (षटकोनी किल्लीने) होतं असं वाचलं आहे.

अनुरेणू

एम८, एम९ आणि टाइप २४० मध्ये चाकीच्या मधोमध एलन कीची खाच असते. चाकी केंद्राबाहेर बसवलेली असते, त्यामुळे ती फिरवली की अनंताची जागा बदलते. लेन्स काढायची, की घालून अगदी अंश-दोन अंश फिरवायची, लेन्स लावून लांबची कड बघायची, पुन्हा काढायची. एवढंच काम चाकीवर आहे. दांड्याच्या सांध्यावर आणखी एक स्क्रू असतो, तो जवळच्या अंतराचं प्रमाण ठरवतो. त्याला हात लावलात की अनंत आणि जवळ दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि मापाच्या साधनाशिवाय पुन्हा ताळ्यावर येत नाहीत.

धोका वेगळाच आहे. कीच्या टोकापासून शटरची पाती जेमतेम बोटभर खाली असतात. की घसरली तर पाती वाकतात आणि ते बिल कॅलिब्रेशनपेक्षा कितीतरी मोठं असतं. कॅमेरा टेबलावर माउंट वर करून नव्हे, तर माउंट आडवं समोर ठेवून, बंद अवस्थेत काम करा. माझं मत : चूक फक्त अनंताची असेल आणि कॅमेरा वॉरंटीबाहेर असेल, तरच. बाकी वेळी सर्विसला द्या.

मृगधारा

सर्विसबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. मोठं काम जर्मनीत वेट्झलरला, लायकाच्या मुख्यालयात जातं आणि महिने लागू शकतात. परदेशी पाठवताना मूळ बिल, सिरियल नंबर असलेला फोटो आणि दुरुस्तीसाठी पाठवल्याची कागदपत्रं नीट करून घ्या. परत येताना कस्टम्समध्ये तो नवा माल म्हणून धरला गेला तर विनाकारण भुर्दंड बसतो. शक्य असेल तर बॉडी आणि जास्त वापरातली लेन्स एकत्रच पाठवावी, म्हणजे दोन्ही एकाच मापावर जुळून येतात.

निळावंत

एम११ बद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं, कारण तो एम१० ची नुसती सुधारित आवृत्ती नाही.

मोठा बदल प्रकाशमापनात आहे. एम१० मध्ये नेहमीच्या वापरात प्रकाशमापक शटरच्या रंगवलेल्या पात्यांवरून परतणारा प्रकाश मोजतो. एम११ कायम सेन्सरवरूनच मोजतो. त्यासाठी कॅमेरा चालू केल्यावर शटर उघडंच राहतं. फायदा असा की व्ह्यूफाइंडरमधून बघतानाही मल्टी-फील्ड (चौकटीत अनेक ठिकाणी मोजणारं) आणि हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) सांभाळणारं मीटरिंग मिळतं. आकाश जळण्याचं प्रमाण खूप कमी होतं. तोटा असा की बटण दाबल्यावर शटर आधी बंद होतं, मग फोटोसाठी उघडतं, मग पुन्हा बंद, पुन्हा उघडं. आवाज थोडा लांबतो, आणि झोपेतून उठायला एम१० पेक्षा जास्त वेळ घेतो. रस्त्यावर काम करणाऱ्यांनी पॉवर सेव्हिंगचा वेळ वाढवावा आणि चौकात पोचण्याआधीच बटण अर्धं दाबून कॅमेरा जागा करावा. लेन्स बदलताना न चुकता बंद करावा, म्हणजे सेन्सर झाकला जातो. सेन्सर हलवून धूळ झटकण्याची सोय एकाही एम मध्ये नाही. हवेचा फुगा पिशवीत लागतोच.

बॅटरी हा निर्विवाद फायदा. एम१० ची ११०० एमएएच, मानक चाचणीत सुमारे २१० फोटो. एम११ ची १८०० एमएएच, सुमारे ७०० फोटो. यूएसबी-सी ने पॉवर बँकवर चार्ज होतो. तळाची पूर्ण निघणारी पट्टी गेली, आणि ६४ जीबीची आतली मेमरी आली, तिच्यात आणि कार्डावर एकाच वेळी लिहिता येतं. लग्नाचं काम करणाऱ्यांना हे एकटंच कारण पुरेसं आहे. सुरुवातीच्या काळात कॅमेरा मध्येच गोठण्याच्या बऱ्याच तक्रारी होत्या, फर्मवेअरमध्ये त्यावर टप्प्याटप्प्याने काम झालं. वापरलेला घेताना आधी फर्मवेअर अद्ययावत करा, मग शंभरेक फोटो सलग काढून बघा.

काळ्या एम११ चं वरचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं, वजन ५३० ग्रॅम. चंदेरी पितळेचा, ६४० ग्रॅम. दिवसभर गळ्यात असेल तर ११० ग्रॅमचा फरक मानेला कळतो.

मेकॅनिकल शटर १/४००० ला संपतं. आयएसओ ६४ ला कडक उन्हात एफ २ नेमकं १/४००० ला बसतं, एफ १.४ ला एक स्टॉप (दुप्पट प्रकाश) जास्त होतो. तिथे इलेक्ट्रॉनिक शटर १/१६००० पर्यंत जातं, पण त्याचं वाचन संथ आहे. चालती गाडी तिरकी होते, एलईडीच्या उजेडात पट्टे येतात. स्थिर माणसासाठी ठीक, बाकीच्यांसाठी एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर लावा. एम१० चा आयएसओ १०० पासून सुरू, त्याला दोन स्टॉपचा एनडी लागतो.

तिसरा_प्रहर

निळावंत, बाकी सगळं मान्य. पण ६० मेगापिक्सेल ही मी या कॅमेऱ्याची अडचण मानतो. सेन्सरला स्टॅबिलायझेशन नाही, फोकस यांत्रिक. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलला हाताचा कंप लगेच दिसतो. ३५ मिमीला १/३५ चा जुना नियम इथे चालत नाही, १/१२५ धरा, माणसं हलत असतील तर १/२५०. म्हणजे आयएसओ दोन स्टॉप वर. एम१० चे २४ मेगापिक्सेल या यंत्रणेला जास्त साजेसे आहेत.

अनुरेणू

इथे असहमत. कंप आणि फोकसची चूक पिक्सेल वाढल्याने वाढत नाही, फक्त १०० टक्क्यांवर बघताना मोठी दिसते. तोच फोटो १२ बाय १८ इंची छापला तर ६० चा फोटो २४ पेक्षा वाईट कधीच दिसणार नाही, उलट कापायला जागा मिळते. आणि एम११ मध्ये डीएनजी (कच्ची, रॉ फाइल) ३६ किंवा १८ मेगापिक्सेललाही मिळते, पूर्ण सेन्सर वापरून. तुमचा मुद्दा खरा ठरतो तो एका ठिकाणी : लोक १०० टक्क्यांवर बघतात, निराश होतात आणि चांगली लेन्स विकून टाकतात.

तिसरा_प्रहर

छापील आकाराचा मुद्दा मान्य. मग झोन फोकसिंगचा (अंतर आधीच लावून ठेवून त्या पट्ट्यात फोटो काढायचा) हिशोब दोन्ही मापांनी लिहून ठेवतो, कारण लेन्सवर कोरलेल्या खोलीच्या खुणा फिल्मच्या काळातल्या ०.०३ मिमी मापाच्या (एवढ्या व्यासाचा धूसर ठिपकाही धारदार मानायचा) आहेत.

३५ मिमी, एफ ८, फोकस ३ मीटर : जुन्या मापाने १.९ ते ७.३ मीटर. मोठा छाप किंवा बराच कापायचा असेल, म्हणजे ०.०१५ धरून : २.३ ते ४.२५ मीटर. २८ मिमी, एफ ८, फोकस २ मीटर : जुन्या मापाने १.२५ ते ५.१ मीटर, कडक मापाने १.५ ते २.९ मीटर. सोपा मार्ग असा की एफ ८ लावलं तर लेन्सवर एफ ४ च्या खुणा वाचायच्या.

पावसाळी ढगांखाली आयएसओ १६००, एफ ८, १/५०० हा चांगला आरंभबिंदू. वारीत दिंडी अंगावर येत असते तेव्हा पॅच जुळवायला वेळच नसतो. २८ मिमी २ मीटरवर ठेवून, टाळकरी तीन पावलांवर आला की दाबायचं. रिंगला बोटाची खाच असलेली लेन्स असेल तर खाच सरळ खाली असताना किती अंतर येतं ते एकदा बघून पाठ करा. न बघता अंतर लावता येतं. इतर कुठल्याही कॅमेऱ्यावर हे इतक्या सहज होत नाही. आजकालच्या बहुतेक ऑटोफोकस लेन्सांवर अंतराचे आकडेच नसतात.

गवतफूल

वारीचा विषय निघालाच आहे तर, पावसात हा कॅमेरा चालतो का?

मृगधारा

भुरभुर चालते, पाऊस नाही. एम११ ला पाणी-धूळ रोधनाचं कुठलंही अधिकृत रेटिंग नाही. तुलनेला, लायकाच्याच एसएल२ ला आयपी५४ आणि क्यू३ ला आयपी५२ आहे. एम च्या माउंटला रबरी कडं नसतं, तिथूनच ओल शिरते. वारीत प्लॅस्टिकचं आवरण घ्या, पण व्ह्यूफाइंडरच्या दोन्ही खिडक्या उघड्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर काहीच दिसत नाही. डीएसएलआरसाठी मिळणारी आवरणं इथे निरुपयोगी ठरतात, त्यात फक्त लेन्ससाठी भोक असतं.

कोकण, मुंबई, गोवा इथल्यांसाठी पावसापेक्षा दमट हवा जास्त घातक. लेन्सला बुरशी लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण इथे रेंजफाइंडरच्या आतल्या काचांनाही लागते. पॅचचा उठाव हळूहळू कमी होतो, रोज वापरणाऱ्याला कळतही नाही. साफ करायला वरचं कवच उघडावं लागतं आणि मग पुन्हा कॅलिब्रेशन. इलेक्ट्रॉनिक कोरडी पेटी ४० ते ४५ टक्क्यांवर ठेवा. त्याहून खाली नको, वंगण सुकतं. पेटी नसेल तर झाकण घट्ट बसणारा डबा, रंग बदलणारं सिलिका जेल आणि दहा-वीस रुपये वाचवायला न जाता एक आर्द्रतामापक. मूळ चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा कपाटात ठेवू नये, चामडं ओल धरून ठेवतं.

रुपेरी_वाळू

मग एवढी कटकट कशासाठी? त्याच लेन्सा अडॅप्टर लावून सोनीवर किंवा निकॉन झेडएफवर चालतात. सेन्सर स्थिर, फोकस मोठा करून दिसतो. टेकआर्टचा अडॅप्टर लावला तर सोनीवर ऑटोफोकससुद्धा.

कातळशिल्प

५० आणि त्यावरच्या लेन्सांसाठी तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि ७५-९० उघड्या अ‍ॅपर्चरला वापरणाऱ्यांनी तेच करावं. अडचण रुंद लेन्सांची. सेन्सरपुढची काच सोनीमध्ये सुमारे २ मिमी जाड, एम९ मध्ये ०.८ मिमी. फिल्मसाठी बनवलेल्या २८-३५ मिमी लेन्सांचं मागचं भिंग सेन्सरच्या फार जवळ असतं, किरण कोपऱ्यात तिरके येतात आणि जाड काचेत भरकटतात. कोपरे पसरट होतात, एफ ८ लाही पूर्ण सुधारत नाहीत. उलट दोष लायकावरही आहेत : फॉइग्टलेंडर १५ मिमीच्या पहिल्या दोन आवृत्त्या आणि झाइस २१ मिमी एफ ४.५ एम९ वर कडेला जांभळा रंग टाकतात. एम११ च्या सेन्सरवर हे बरंच कमी झालंय.

फक्त ईव्हीएफ (इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर) हवा असेल तर ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला एम ईव्ही१ बघा. सेन्सर एम११ चाच, रेंजफाइंडर काढून ५७.६ लाख बिंदूंचा ईव्हीएफ बसवला आहे. कॅलिब्रेशनची चिंता संपली, ०.७ मीटरची मर्यादा संपली. पण चौकटीबाहेर बघणं, काळोख न होणारं दृश्य, अ‍ॅपर्चरपासून मोकळा उजळ व्ह्यूफाइंडर, हेही गेलं. म्हणजे कॅमेरा वेगळ्या माणसासाठी झाला.

निळावंत

वापरलेला घेणाऱ्यांसाठी एम९ चा इशारा राहिला. त्याच्या सीसीडी सेन्सरवरची संरक्षक काच ओलीने गंजते. हा माहीत असलेला दोष आहे, कंपनीने अनेक वर्षं सेन्सर बदलून दिले, आता नवे सेन्सर मिळत नाहीत. तपासणी : एफ १६, फोकस मुद्दाम चुकवून पांढरी भिंत किंवा ढगाळ आकाश, १०० टक्के. धुळीचा डाग गडद ठिपका असतो आणि फुग्याने हलतो. गंजाच्या डागाभोवती फिकट कडं असतं आणि तो हलत नाही. सेन्सर बदलल्याचं बिल नसेल तर रंगाच्या मोहात एम९ घेऊ नका. एम८ (२००६) तर आयआर (अवरक्त किरण अडवणारा) फिल्टर कमजोर असल्याने काळे सिंथेटिक कपडे जांभळे दाखवतो, प्रत्येक लेन्सवर यूव्ही-आयआर फिल्टर लावावा लागतो.

आणखी एक बारीक गोष्ट : टाइप २४० पासून फ्रेमलाइन एलईडीने उजळतात. कॅमेरा बंद असेल तर पॅच दिसतो, चौकटी दिसत नाहीत. दुकानात बॅटरी नसलेली बॉडी हातात दिली तर "फ्रेमलाइन गेल्या" म्हणून घाबरू नका, आणि बॅटरी घातल्याशिवाय पैसेही देऊ नका.

गवतफूल

सगळ्यांचे आभार. ३५ आणि ५० वापरणार, माणसं आणि रस्ता, चष्मा आहे, छाप जास्तीत जास्त १६ बाय २४ इंच. एम१० की एम११?

अनुरेणू

एम१०, आणि उरलेल्या पैशात दोन गोष्टी : एक कॅलिब्रेशन आणि एक दुसरी बॅटरी. १६ बाय २४ इंचाला २४ मेगापिक्सेल साधारण २५० डीपीआय देतात, भिंतीवरच्या छापाला ते पुरेसे आहेत. लेन्स फॉइग्टलेंडर किंवा झाइसची ३५ मिमी एफ २ घेतलीत तरी बिघडत नाही. ५० मिमी एफ १.१ ची सेव्हनआर्टिझन्स स्वस्त आहे आणि तिचा कॅम घरी जुळवता येतो, पण ती पहिली लेन्स नको. पहिल्या लेन्सवर विश्वास बसला पाहिजे, म्हणजे पॅच चुकला की हात चुकला हे कळतं.

निळावंत

लग्न किंवा पैशाचं काम असेल तर मात्र एम११, दोन ठिकाणी लिहिण्याच्या सोयीसाठी. नसेल तर अनुरेणूंशी सहमत. आणि गवतफूल, बॉडी बघायला जाताना आयपीसवर आधीच्या मालकाचं पॉवरचं भिंग तर नाही ना, ते काढून बघा. ते असताना पॅच धूसर दिसतो आणि चांगला कॅमेरा उगाच नाकारला जातो.